मोबाइल येतो पण माऊस धरला की घाम फुटतो, त्यांच्यासाठी

लालबागला आमची चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा तळमजल्यावर सोसायटीचं ऑफिस मिळालं, त्यात सेक्रेटरींनी एक कॉम्प्युटर आणून ठेवला, तो महिन्यातून एकदा मेंटेनन्सच्या पावत्या काढायला चालू व्हायचा आणि बाकी वेळ त्याच्यावर टॉवेल टाकलेला असायचा. गेल्या पावसाळ्यापासून मी रविवारी सकाळी तिथे दोन तास बसते आणि ज्याला शिकायचंय त्याला शिकवते. मी काही टीचर नाही, फोर्टला एका ऑफिसात अकाउंट्स बघते, दिवसाचे आठ तास हात माऊसवर असतो एवढंच माझं क्वालिफिकेशन. येणारे ठरलेले तिघं. अप्पा, बेस्टमधून रिटायर झालेले कंडक्टर. काकू, दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेतात, त्यांना स्वतःची रेट लिस्ट स्वतः बनवायचीय, दरवेळी भाच्याच्या मागे लागून कंटाळा आलाय. आणि चौथ्या मजल्यावरची एक पोरगी, बारावी झाली, डेटा एन्ट्रीची नोकरी शोधतेय.

तिघांनाही मोबाइल झक्कास येतो. अप्पा दूधवाल्याला स्कॅन करून पैसे देतात, काकू रील लावून चकल्या तळतात, पोरगीचं तर विचारूच नका. तरी पहिल्या दिवशी अप्पांनी काय केलं तर सरळ मॉनिटरवर बोट टेकवलं आणि दाबून धरलं. काही झालं नाही म्हटल्यावर अजून जोरात दाबलं. मला हसू आलं, पण नंतर लक्षात आलं की चूक त्यांची नाहीच, मोबाइल येणाऱ्या माणसाला अर्धा कॉम्प्युटर आधीच येत असतो आणि उरलेला अर्धा नेमका उलटा असतो. तो उलटा भाग नीट समजावला की बाकीचं आपोआप येतं. म्हणून हे लिहिते आहे, तेही ज्यांच्या कॉम्प्युटरवर विंडोज (सगळा कॉम्प्युटर चालवणारा मूळ प्रोग्राम) आहे त्यांच्यासाठी, कारण ऑफिसात, सायबर कॅफेत, सोसायटीत बहुतेक तेच असतं.

आधी नावं पटकन

समोर टीव्हीसारखं दिसतं तो मॉनिटर. खाली किंवा बाजूला जो डबा असतो त्याला सगळे सीपीयू म्हणतात, दुकानदार पण म्हणतो, खरं तर सीपीयू ही आतली एक छोटी चिप आहे आणि डब्याला कॅबिनेट म्हणायला हवं, पण तुम्ही सीपीयूच म्हणा, कोणी अडवणार नाही. लक्षात ठेवायचं ते वेगळंच: मॉनिटरचं बटण बंद केलं म्हणजे कॉम्प्युटर बंद झाला नाही, फक्त चेहरा झाकला. आमच्या सेक्रेटरींनी कितीतरी दिवस असाच "बंद" करून ठेवलेला, आत पंखा फिरतोय.

चालू झाल्यावर जी पहिली स्क्रीन दिसते ती डेस्कटॉप. त्यावरची छोटी चित्रं म्हणजे आयकॉन. खालची पट्टी टास्कबार, त्यात चार चौकोनांचं चिन्ह ते स्टार्ट, नव्या विंडोज ११ मध्ये हे मधोमध आलं आणि त्याआधी वर्षानुवर्षं डाव्या कोपऱ्यात होतं, म्हणून जुनी माणसं अजून डावीकडे शोधतात. आणि स्क्रीनवर जो पांढरा बाण फिरतो तो पॉइंटर. मी त्याला बाणच म्हणते.

माऊस धरायचा कसा

हसू नका, इथेच जास्त वेळ जातो.

माऊसची वायर, किंवा वायर नसेल तर बटणांची बाजू, तुमच्यापासून लांब, मॉनिटरकडे. तळवा मागच्या फुगीर भागावर सैल ठेवायचा. पहिलं बोट डाव्या बटणावर, मधलं उजव्या बटणावर, अंगठा आणि करंगळी दोन बाजूंना, हलवायचं काम ह्या दोघांचं. मनगट टेबलावर टेकलेलं. अप्पा माऊस असा धरायचे जसं काही बस वळणावर आलीय आणि दांडा सोडला तर पडू, त्यामुळे दोन्ही बटणं एकदम दाबली जायची आणि भलतंच काहीतरी उघडायचं. सैल धरा. बोटं बटणावर नुसती ठेवलेली असावीत, दाबलेली नाही.

आता पहिली कसरत. काही दाबायचं नाही, फक्त बाण चारही कोपऱ्यांत नेऊन आणायचा, आणि नजर स्क्रीनवर ठेवायची, हाताकडे बघायचं नाही. सुरुवातीला सगळे हाताकडे बघतात. बाण स्क्रीनच्या बाहेर पडत नाही, कडेला जाऊन थांबतो, म्हणून घाबरायचं कारण नाही.

मग एक अडचण येते जी कुठल्या क्लासात सांगत नाहीत. काकू बाण उजवीकडे नेत होत्या, माऊस टेबलाच्या कडेपर्यंत आला, बाण अजून अर्ध्यातच, आणि काकू खुर्चीतून उठून हात लांब करायला लागल्या, "आता पुढे जागाच नाही गं!" ह्याचं उत्तर सोपं आहे, माऊस उचला. हवेत उचलला की बाण जागच्या जागी थांबतो, मग माऊस परत टेबलाच्या मध्ये आणून टेकवा आणि पुढे चला. एक वीत जागेत अख्खी स्क्रीन फिरता येते. हे कळल्यावर काकूंच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो पहिल्यांदा गोल पोळी लाटल्यावर असतो तसा होता.

दुसरी भानगड आमच्या ऑफिसच्या टेबलाची. त्यावर काच आहे, काचेखाली प्लंबर, इलेक्ट्रिशियन, लिफ्टवाला ह्यांची कार्डं, जसं प्रत्येक सोसायटीत असतं. त्या काचेवर माऊस धड चालेना, बाण कधी उडी मारायचा कधी गपगार. माऊस उलटा करून बघा, खाली लाल लाइट दिसेल (काहींत दिसत नाही, पण असतो), तो खालच्या पृष्ठभागावर उजेड टाकतो आणि त्याच्या शेजारचा बारीक सेन्सर एका सेकंदात हजाराहून जास्त फोटो काढून माऊस कुठे सरकला ते ठरवतो. साध्या काचेवर त्याला फोटोत काही खुणाच मिळत नाहीत, मग तो गोंधळतो. उपाय म्हणजे खाली माऊस पॅड, नाहीतर वहीचा जुना पुठ्ठा. आमच्याकडे पुठ्ठाच आहे. पूर्वी माऊसच्या पोटात रबरी गोळी असायची, ती काढून आतल्या रोलरवरचा मळ नखाने खरवडायला लागायचा, ज्यांनी ते केलंय त्यांना काच म्हणजे काहीच त्रास वाटणार नाही.

ह्या प्राण्याचा जन्म तसा जुना आहे. अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट नावाच्या माणसाने तो सुचवला आणि १९६४ मध्ये पहिला बनला तो चक्क लाकडाच्या ठोकळ्याचा, खाली दोन चाकं, मागून वायर शेपटीसारखी, म्हणून उंदीर. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत हजारभर लोकांसमोर त्यांनी तो चालवून दाखवला. अप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, म्हणजे मी शाळेत होतो तेव्हापासून आहे हा, आणि भेटला आत्ता.

नुसतं नेणं वेगळं, दाबणं वेगळं

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. मोबाइलवर बोट एकतर काचेला लागलेलं असतं नाहीतर नसतं, आणि लागलं की काहीतरी होतंच. माऊसमध्ये ह्या दोन्हीच्या मधलं एक आहे, बाण एखाद्या गोष्टीवर न्यायचा आणि काहीही न दाबता थांबायचं. ह्याला होव्हर म्हणतात. भाजीच्या गाडीसमोर उभं राहून "ही जुडी कशी दिली" विचारतो ते होव्हर, आणि जुडी पिशवीत टाकली की ते क्लिक. विचारायला पैसे पडत नाहीत, तसंच नुसता बाण नेल्याने काही बिघडत नाही. उलट कॉम्प्युटर स्वतःहून माहिती देतो, एखाद्या बटणावर एक-दोन सेकंद थांबलात तर बऱ्याचदा त्याचं नाव छोट्या चौकटीत येतं. म्हणून अनोळखी बटण दिसलं की मला विचारायच्या आधी बाणाला विचारा.

दुसरं म्हणजे बाण आपला आकार बदलतो आणि तो बदल म्हणजे निरोप असतो. लिंकवर नेला की हात होतो, म्हणजे इथे दाबलं तर कुठेतरी जाल. मजकुरावर नेला की इंग्रजी कॅपिटल आय सारखी उभी बारीक काडी होते, म्हणजे इथे लिहिता येईल किंवा मजकूर निवडता येईल. खिडकीच्या, म्हणजे प्रोग्राम ज्या चौकोनात उघडतो त्याच्या कडेवर नेला की दोन्हीकडे टोक असलेला बाण होतो, म्हणजे इथून धरून खिडकी लहान-मोठी करता येईल. निळं गोल चक्र फिरायला लागलं म्हणजे कॉम्प्युटर कामात आहे, तेव्हा गप्प बसा, पुन्हा पुन्हा दाबत सुटू नका. लिफ्टचं बटण दहादा दाबणारे असतात ना, ती लिफ्ट लवकर येत नाही, पण कॉम्प्युटर ते दहाही क्लिक लक्षात ठेवतो आणि जाग आली की एकामागून एक दहा खिडक्या उघडून दाखवतो.

इथे अजून एक घोळ आहे, कर्सरचा. लिहायच्या जागी एक उभी रेघ लुकलुकत असते, अक्षरं पडतात ती तिथे. माऊसचा बाण जिथे आहे तिथे नाही. काकूंनी करंजीच्या ओळीवर माऊस नेला आणि टाइप केलं, अक्षरं पडली वर चकलीच्या ओळीत, "मी तर इथे आहे!" नुसतं नेऊन भागत नाही, तिथे एकदा क्लिक करायचं, लुकलुकणारी रेघ तिथे आली ते डोळ्यांनी बघायचं, मग टाइप. लोक दोन्हीला कर्सर म्हणतात म्हणून अजून गोंधळ, मी एकाला बाण आणि एकाला रेघ म्हणते.

क्लिकचे प्रकार

नुसतं क्लिक म्हटलं की डावं बटण, एकदा, हलकं दाबून लगेच सोडायचं. दाबून धरलंत तर तो वेगळा प्रकार होतो, तो पुढे.

डबल क्लिक म्हणजे डावं बटण पटापट दोनदा, टक-टक. अप्पांना हे पहिल्याच फटक्यात जमलं, कारण आयुष्यभर तिकिटाचा पंच टिकटिक करत फिरलेले, त्यांच्या बोटात ती लय होतीच. काकूंना मात्र जमेना. दोन कारणं असतात, एक तर दोन टकटकींच्या मध्ये जास्त वेळ जातो, नाहीतर दाबताना माऊस थोडासा सरकतो आणि कॉम्प्युटरला वाटतं तुम्ही ओढताय. मनगट घट्ट टेकवा, फक्त बोट हलू द्या. तरी नसेल जमत तर एकदा क्लिक करून कीबोर्डवरचं एंटर दाबा, तेच काम होतं, कोणी मार्क कापत नाही. आणि कधीकधी असं होतं की दोन क्लिक हळूहळू पडले की आयकॉनचं नावच निळं होऊन बदलायच्या तयारीत येतं, तेव्हा काही टाइप करू नका, एस्केप दाबा, कोपऱ्यातलं ई-एस-सी लिहिलेलं बटण.

आता सगळे विचारतात की कुठे एकदा आणि कुठे दोनदा. माझं ठोकताळ्याचं उत्तर असं, डेस्कटॉपवर किंवा फोल्डरमध्ये (फाइली ठेवायचं पाकीट) ठेवलेली वस्तू उघडायची तर दोनदा, आणि बाकी सगळीकडे म्हणजे बटण, मेनू, लिंक, टास्कबार, स्टार्ट, वेबसाइट, तिथे एकदा. डबल क्लिक शिकल्यावर माणूस सगळीकडे डबल क्लिक करत सुटतो, ती सवय वेळीच मोडा. फॉर्म भरून सबमिट किंवा पेमेंटच्या बटणावर दोनदा दाबलं तर फॉर्म दोनदा जाऊ शकतो, म्हणून तिथे एकदा दाबून हात माऊसवरून काढून घ्यायचा, अगदी मांडीवर ठेवायचा.

राइट क्लिक म्हणजे उजवं बटण एकदा. मोबाइलवर आपण फोटो दाबून धरतो आणि पर्याय येतात ना, तेच हे. ज्या वस्तूवर कराल तिच्यापुरती यादी उघडते, फाइलवर केलं तर कॉपी, डिलीट, नाव बदलणे, रिकाम्या डेस्कटॉपवर केलं तर नवीन फोल्डर वगैरे. यादीतलं निवडायचं मात्र डाव्या बटणाने. चुकून यादी उघडली तर बाहेर रिकाम्या जागी एक क्लिक किंवा एस्केप, गेली. पोरगी पहिल्या दिवसापासून राइट क्लिकच्या प्रेमात पडली, म्हणते ताई, काही आठवलं नाही की मी राइट क्लिक करून बघते. बरोबर आहे, मी पण तेच करते, पंधरा वर्षं झाली.

मधलं चाक. ते फिरवलं की पान वर-खाली होतं, त्याला स्क्रोल म्हणतात. मोबाइलवर खालचं वाचायला बोट वर ढकलता, इथे चाक स्वतःकडे ओढायचं, म्हणजे उलटं, दोन दिवस चुकेल मग हात शिकतो. हे चाक दाबताही येतं, ब्राउझरमध्ये, म्हणजे वेबसाइट बघायच्या प्रोग्राममध्ये, लिंकवर दाबलं तर ती नव्या टॅबमध्ये, म्हणजे त्याच खिडकीतल्या वेगळ्या पानावर उघडते, फार कामाचं. पण चुकून रिकाम्या जागी दाबलं गेलं तर एक गोल खूण येते आणि माऊस हलवला की पान आपोआप पळत सुटतं, भुताटकी नाही, परत एक क्लिक केलं की थांबतं. तसंच कंट्रोल (कीबोर्डवरचं सी-टी-आर-एल लिहिलेलं बटण) दाबलेलं असताना चाक फिरलं की अक्षरं मोठी-लहान होतात. ब्राउझरमध्ये असं झालं तर कंट्रोल आणि शून्य, परत मूळ साइज.

खिडक्या

कुठलाही प्रोग्राम उघडला की एका चौकोनात उघडतो, ती विंडो. मोबाइलवर एका वेळी एकच ॲप समोर असतं, इथे पाच-सहा एकमेकांवर टेबलावरच्या कागदांसारखे पडलेले असतात. म्हणून काकू घाबरून म्हणाल्या, "माझी लिस्ट गेली!" गेली नव्हती, तिच्यावर दुसरी खिडकी आली होती.

प्रत्येक खिडकीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात तीन खुणा असतात. आडवी रेघ म्हणजे मिनिमाइज, खिडकी खाली टास्कबारमध्ये जाऊन बसते, बंद होत नाही. चौकोन म्हणजे मॅक्सिमाइज, स्क्रीनभर होते, मग तीच खूण दोन चौकोनांची होते आणि दाबली की पुन्हा आधीएवढी. आणि फुली म्हणजे बंद, तिच्यावर बाण नेला की लाल होते, हा पण होव्हरचाच इशारा. मिनिमाइज आणि फुली जवळजवळ आहेत म्हणून घाईत चुकतं, पण सेव्ह न करता फुली मारली तर बहुतेक प्रोग्राम विचारतात सेव्ह करू का, तो प्रश्न वाचा. न वाचता नो दाबणारे माझ्या ऑफिसात पण आहेत.

टास्कबारवरच्या ज्या चित्राखाली छोटी रेघ दिसते तो प्रोग्राम चालू आहे. आधी तिथे बघायचं, तिथे असेल तर एक क्लिक आणि खिडकी समोर. नाहीतर माणूस डेस्कटॉपवर जाऊन तेच परत परत उघडतो, एका रविवारी अप्पांचे कॅल्क्युलेटर मोजले, नऊ निघाले. आणि खिडक्यांमध्ये हरवलातच तर विंडोजचं चिन्ह असलेलं बटण धरून डी दाबा, सगळं बाजूला होऊन डेस्कटॉप दिसतो, परत तेच केलं की सगळं जसंच्या तसं.

ओढून नेणं

डावं बटण दाबायचं, दाबूनच ठेवायचं, तसाच माऊस सरकवायचा, हव्या जागी आलं की सोडायचं. ड्रॅग अँड ड्रॉप. प्रॅक्टिसला पत्त्यांचा सॉलिटेअर खेळा, मी मस्करी करत नाहीये, १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर तो आला आणि पत्ते उचलून ठेवता ठेवता लाखो लोकांचा हात माऊसवर बसला. अप्पा रोज खेळतात, आता सांगायला लागतं उठा म्हणून.

मजकूर निवडायचा तरी हेच, सुरुवातीला दाबायचं आणि शेवटपर्यंत ओढायचं, निळा होतो. एकच शब्द हवा तर त्यावर डबल क्लिक पुरेल.

फोल्डर मात्र सांभाळून ओढा. एका रविवारी काकूंचं "फराळ" नावाचं फोल्डर गायब. शोध शोध शोधलं. शेवटी मिळालं शेजारच्या पावत्यांच्या फोल्डरच्या पोटात, क्लिक करताना हात सरकला आणि एक फोल्डर दुसऱ्यात जाऊन पडलं, असं खूप होतं आणि सगळ्यांना वाटतं व्हायरस आला. लगेच लक्षात आलं तर कंट्रोल धरून झेड दाबा, शेवटची केलेली गोष्ट उलटी होते. ओढता ओढताच कळलं की चुकतंय तर बटण सोडायच्या आधी एस्केप दाबा, वस्तू जागेवर राहते. अजून एक, कॉम्प्युटरमधल्या एकाच ड्राइव्हवर (सी, डी असे कप्पे असतात त्यातल्या एकातच) एका फोल्डरमधून दुसऱ्यात ओढलं तर वस्तू हलते, पण दुसऱ्या ड्राइव्हवर किंवा पेन ड्राइव्हवर ओढलं तर कॉपी होते, म्हणजे मूळ तिथेच आणि एक प्रत इकडे. पेन ड्राइव्ह भरला आणि इकडची जागा रिकामी झाली असं समजू नका.

सेव्ह

मोबाइलवर फोटो काढला की तो राहतो, नोट लिहिली की राहते, सेव्ह हा शब्दच आपण विसरलो. इथे नवीन काही लिहिलं की ते आधी तात्पुरतं असतं, तुम्ही सांगाल तेव्हा पक्कं होतं. पावसात लाइट गेली आणि यूपीएस (लाइट गेल्यावर थोडा वेळ कॉम्प्युटर चालू ठेवणारी बॅटरी) नसेल तर तासाभराची मेहनत पाण्यात. कंट्रोल धरून एस, दर पाच-दहा मिनिटांनी, बोटाला सवय लावा.

पहिल्यांदा सेव्ह करताना तो दोन गोष्टी विचारतो, नाव काय आणि ठेवू कुठे. दोन्ही नीट द्या. नाव असं द्या की सहा महिन्यांनी कळेल, "फराळ रेट दिवाळी", नुसतं "नवीन" किंवा "नवीन फायनल २" नको. जागा म्हणून सुरुवातीला डॉक्युमेंट्स नाहीतर डेस्कटॉप. इंटरनेटवरून उतरवलेलं बहुधा डाउनलोड्समध्ये जातं, गावच्या जमिनीचा सातबारा डाउनलोड केला आणि सापडत नाही म्हणाल तर आधी तिथे बघा. जुनी फाइल ठेवून थोड्या बदलाने दुसरी हवी असेल तर सेव्ह नाही, सेव्ह ॲज. काकूंनी ह्या वर्षीच्या लिस्टवर साधं सेव्ह करून गेल्या वर्षीचे भाव पुसून टाकले, मग गिऱ्हाईकांना पाठवलेल्या व्हॉट्सॲपमधून परत गोळा केले.

सेव्हचं चिन्ह बऱ्याच ठिकाणी एक चौकोनी तबकडी असते, पोरगीने विचारलं हे काय आहे. फ्लॉपी. त्यात १.४४ एमबी मावायचं, तुझ्या मोबाइलचा एक फोटो पण मावला नसता असं सांगितलं तर तिला खरंच वाटेना.

डेस्कटॉपवरच्या ज्या आयकॉनच्या कोपऱ्यात वाकडा छोटा बाण असतो तो शॉर्टकट, म्हणजे खरी वस्तू दुसरीकडे आणि इथे फक्त तिच्या घराची पाटी. पाटी काढली तरी घर जागेवर असतं. म्हणूनच पेन ड्राइव्हवर शॉर्टकट कॉपी करून मुलाखतीला गेलात तर तिथे काहीच उघडणार नाही, मूळ फाइल कॉपी करा.

डिलीट केलेली फाइल आधी रिसायकल बिनमध्ये जाते. बिन उघडा, फाइलवर राइट क्लिक, रिस्टोअर, आली परत. दोन अपवाद पाठ करा, पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेलं बिनमध्ये जात नाही, आणि शिफ्ट धरून डिलीट केलेलं पण नाही.

माऊस आपल्या हाताला बसवून घ्या

डावखुरे असाल तर माऊस डाव्या बाजूला ठेवा आणि स्टार्टमध्ये सेटिंग्ज उघडून माऊस शोधा, तिथे मुख्य बटण डावं की उजवं ते बदलता येतं. पण कॉम्प्युटर सगळ्यांचा असेल तर उठताना परत बदला, नाहीतर पुढचा माणूस वेडा होतो. बाणाचा वेग तिथेच कमी होतो, नवशिक्यांनी पहिला महिना कमीच ठेवावा. ॲक्सेसिबिलिटीमध्ये जाऊन बाण मोठा आणि रंगीत करता येतो, अप्पांचा आम्ही बेस्टच्या बससारखा लाल केलाय. आणि माऊसच्या जास्तीच्या सेटिंगमध्ये एक खूण अशी आहे की कंट्रोल बटण दाबलं की बाणाभोवती गोल उमटतो, चष्मा घरी विसरला की हे देवासारखं धावून येतं.

बंद करताना

सगळ्या खिडक्या सेव्ह करून फुली मारा. पेन ड्राइव्ह असेल तर त्याच्यावर राइट क्लिक करून इजेक्ट, मगच उपटा. मग स्टार्ट, पॉवरची खूण, शट डाउन. स्लीप नको, ती डुलकी आहे, झोप नाही. "अपडेट होत आहे, बंद करू नका" असं आलं तर थांबायचं, तेवढ्यात खाली जाऊन चहा पिऊन या. मॉनिटर काळा झाला तरी लगेच भिंतीवरचं बटण बंद करू नका, डब्यावरचा लाइट विझेपर्यंत आणि आतल्या पंख्याचा आवाज थांबेपर्यंत थांबा. मग मेन स्विच, आणि आमच्याकडे त्यावर परत तो टॉवेल.